वावटळीची साखळी

माळावरची जनावरं माणसांशी बोलत, तेव्हाची ही गोष्ट. म्हाकूबा धनगराने लांब पायांची, बारीक कमरेची एक कारवानी शिकारी कुत्री आणली आणि तिचं नाव ठेवलं वावटळ. ती हरवू नये म्हणून त्याने तिला साखळीने बांधलं. रोज दूध-भाकरी दिली.

वावटळीने त्याचं घोंगडं फाडलं, खुंट्याभोवती खड्डे उकरले.

"खाऊन माजलीय. उद्या देऊनच टाकतो कुणालातरी!" म्हाकूबा वैतागला.

कळपातल्या म्हाताऱ्या एडक्याने रवंथ थांबवलं. "माजली न्हाई, कोंडलीय. पळणं तिच्या रक्तातच हाय. सोडून तर बघा."

"आन् पळून गेली म्हंजे?"

"उद्या तुमीच घालवणार, मग आज भ्या कसलं?"

म्हाकूबाने साखळी सोडली. वावटळ अशी सुटली, की बघता बघता दिसेनाशी झाली. म्हाकूबाचा जीव टांगणीला लागला. पण इतकं देखणं पळणं त्याने जन्मात पाहिलं नव्हतं.

मग टेकडीमागून धूळ उठली. वाऱ्याला मागे टाकत वावटळ आली आणि धापा टाकत त्याच्या पायाशी पसरली.

तिच्या पंजातले काटे काढत म्हाकूबाने विचारलं, "बये, उद्या कुठवर जायचं?"

"तुमी दमाल तिथवर," वावटळ म्हणाली.