पंचवीसपैकी पंचवीस

त्या दिवशी सकाळीच ऊन पाठीला चावत होतं. वारा असा नव्हताच. तरी कडुनिंबाचा फुलोरा आपला आपण गळत होता, आणि मोठ्या हॉलच्या पायऱ्यांवर आक्कानं झाडलेल्या जागीच पुन्हा पडत होता.

"मग करून बघणार ना, आक्का?" चौबळसर विचारत होते. तिसऱ्यांदा.

आक्काचा खराटा चालूच.

वेणूआक्का म्हणजे विद्यापीठाच्या मोठ्या हॉलची राखणदार. तीस वर्षं हॉलची किल्ली तिच्या पदराच्या गाठीला. मी इथला माळी; माझी बाग तिच्या पायऱ्यांपाशी संपते, आणि वस्तीत आमच्या खोल्यांना भिंत एकच.

चौबळसर तरुण, हुशार. त्यांनी विद्यापीठाचं कॅलेंडर मोबाईलवर आणलेलं. कुणाचा कार्यक्रम, कुठं, किती वाजता, ते ज्यानं त्यानं भरायचं. भरलं की कार्यक्रमाच्या दिवशी निरोप आपोआप सगळ्या गावाला. हे वापरायला सोपं आहे का, याची परीक्षा ते महिनाभर घेत होते. तिचा निकाल आज अकरा वाजता, याच हॉलात, कुलगुरूंना सांगायचा होता. त्यांना पटला तर सरांची नोकरी कायम.

"चोवीस जणांना बसवलं," सर म्हणाले. "चोवीसच्या चोवीस पास. कुणीसुद्धा अडलं नाही! आता शाळेत न गेलेल्या माणसालाही जमलं, एवढं दाखवलं की झालं."

"म्हंजे मी."

"म्हणजे... हो."

आक्कानं खराटा भिंतीला टेकवला. हात पदराला पुसले.

"इथं हॉलचं चित्र. बोट ठेवा. आता आजची तारीख. आता अकरा. कार्यक्रम काय लिहू?"

"झाडलोट."

सर हसले. लिहिलं. हिरवी खूण आली, मोबाईल टिंगकन वाजला.

"बघा! पंचवीसपैकी पंचवीस! मिळाला तुम्हाला हॉल."

"अकराला?"

"अकराला."

"आन् तुमचं भाषण?"

"तेही अकरालाच. तेही घेतलंय यानं."

"आन् त्या चोवीस जणांनी काय मागितलं हुतं?"

"हेच. सगळ्यांना काम एकच द्यावं लागतं आक्का, नाहीतर तुलना कशी करणार? मोठा हॉल, आजचा दिवस, अकरा वाजता. माझ्या भाषणाचीच वेळ दिली, माझ्या लक्षात राहायला बरी. कार्यक्रम म्हटलं मनाला येईल तो टाका."

"समद्यांना मिळाला?"

"सगळ्यांना! एकाची तक्रार नाही."

आक्कानं खराटा पुन्हा उचलला.

फुलोरा पडत होता.

साडेदहाला दोन म्हाताऱ्या काठी टेकत आल्या. "फुकट चष्मे हितंच ना?"

मागोमाग वसतिगृहाची पोरं, हातात वाट्या-चमचे. "आमरस स्पर्धा कुठल्या दारानं?"

मग एक ढोलपथक आलं. मग कुणीतरी शेळी घेऊन आला. तिला टोचून घ्यायचं होतं.

सरांचा चेहरा खडूसारखा पांढरा. "पण हे तर... हे खरं नव्हतं!"

"शेळीला कुठं ठाऊक?" आक्का म्हणाली.

"आक्का, काहीतरी करा!"

तिनं पदराची गाठ सोडली. किल्ली सरांच्या तळहातावर ठेवली.

"घ्या. समद्यांना एकेक द्या."

"ही एकच आहे."

"हां."

तेवढ्यात कुलगुरूंची गाडी आली. गर्दीतून वाट काढत ते पायरीशी आले, मोबाईल पुढं धरला. "चौबळ, मला सव्वीस निरोप आलेत. यातला तुमचा कोणता?"

सर सगळ्यात वरच्या पायरीवर उभे राहिले. मूठ घट्ट. आधी नुसतं पुटपुटले.

"आमरस... नाही."

पोरांनी वाट्या बडवल्या.

"चष्मे नाहीत, आजी."

"मग बोलावलंस कशाला रे, मुडद्या? दोन गाड्या बदलून आलो आम्ही!"

सरांनी मान खाली घातली. पण पुढच्याला नाही म्हणाले. त्याच्या पुढच्यालाही. शेळीवाल्याशी जरा वेळ गेला. शेवटी शेवटी आवाज बरा लागला होता.

गर्दी पांगली. कुलगुरू तिथंच.

"आता तुमचा निकाल ऐकू या?"

सरांनी किल्लीकडं पाहिलं. मग ती आक्काच्या हातात दिली.

"नाही, साहेब. माझाही नाही. हॉल यांचा आहे. झाडलोट."

कुलगुरूंनी मोबाईल खिशात टाकला. मग म्हणाले, "सहा महिन्यांनी या. नोकरीचं तेव्हा बघू." दोन पायऱ्या उतरून परत वळले. "यांना विचारून या."

आक्का कुलूप काढून आत गेली. सर पायरीवर बसले. मग बूट काढले आणि तेही आत गेले. दुसरी केरसुणी कुठल्या दारामागं असते, ते मीच त्यांना सांगितलं.

संध्याकाळी आम्ही आपापल्या उंबऱ्यावर बसलो होतो. मला त्या पोराचं वाईट वाटत होतं. महिनाभर राबलं होतं बिचारं.

म्हटलं, "आक्का, खरं सांग. ते कॅलेंडर एवढं वाईट होतं का गं?"

"छ्या. लई गुणाचं, भागुजी. कुणाला न्हाई म्हणत न्हाई."

तिनं पदराची गाठ चाचपली.

"आमचं थोरलं दीर अस्संच. एका मुहूर्ताला तीन मांडवांत हो म्हणून बसलं हुतं."

"मग?"

"मग काय... हायेत अजून. बिनलग्नाचं."