नवव्या पाटीपलीकडची हाक

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा वेळ मोजायला माणसं पाण्यात भोकाची वाटी सोडत आणि ती बुडेपर्यंत निवांत बसत.

त्या काळी एका राज्यात सात पाठशाळा होत्या. विद्यार्थी अठरा-वीस वर्षांचे, नुकतं मिसरूड फुटलेले. सकाळी व्याकरण घोकायचं, दुपारी गणितं सोडवायची आणि ऊन कललं की मैदान गाठायचं. मैदानावर खेळ एकच, आट्यापाट्या.

तुमच्यापैकी धाकट्यांना हा खेळ ठाऊक नसेल. त्यात तुमचा दोष नाही, आम्हीच तो तुमच्यापर्यंत आणला नाही. तर ऐका. मैदानावर एकामागे एक अशा नऊ आडव्या पाट्या आखलेल्या असतात. प्रत्येक पाटीवर प्रतिपक्षाचा एक गडी हात पसरून उभा असतो. त्याने पाटी सोडायची नाही. आपण त्याला हुलकावणी देऊन निसटायचं, नवव्या पाटीच्या पलीकडे पोचायचं, आणि तिथून पुन्हा नऊ पाट्या चुकवत परत यायचं. परत येऊन पहिली पाटी ओलांडली, की ओरडायचं, "लोण!" वाटेत हात लागला तर गडी बाद. ज्यांची लोणं जास्त, ते जिंकले. मला विचाराल, तर माणसाने आजवर याहून चांगलं काही शोधलेलं नाही. पण मला कोण विचारतो!

नदीकाठच्या पाठशाळेचा संघ सातांत पहिला होता. सलग तीन वर्षं. त्यांना शिकवणारे थोरले वस्ताद म्हणजे उंचपुरे, पांढऱ्या मिशांचे, गडगडाटी आवाजाचे गृहस्थ. सामना सुरू झाला की ते नवव्या पाटीच्या पलीकडे जाऊन उभे राहत. एखादा गडी तिथवर पोचला, की ओरडत, "वळ रे माझ्या राजा!" ती हाक कानावर पडली की गडी गर्रकन वळे आणि पाटीवरचा माणूस सावरायच्या आत निसटून जाई. नदीपलीकडे म्हशी धुणारी माणसंसुद्धा ती हाक ऐकून सांगत, "पोचला बघा एक जण." काय दिवस होते ते! मैदानावर सडा घातलेला, काठावर सगळं गाव बसलेलं, आणि मधूनच ती हाक.

चौथ्या वर्षी, पावसाळा सरता सरता, थोरले वस्ताद गेले. दोन दिवस ताप आला आणि तिसऱ्या दिवशी गेले.

दसऱ्याला सामने सुरू व्हायचे होते. पाठशाळेच्या आचार्यांनी नवे वस्ताद आणले. बुटके, काळेसावळे, हळू बोलणारे. तरुणपणी ते समुद्राकाठच्या पाठशाळेकडून खेळले होते, आणि पुढे पंधरा वर्षं बैलांच्या पाठीवरून मीठ वाहत होते. विद्यार्थ्यांनी त्यांना एकदा वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि एकमेकांकडे पाहिलं. थोरल्या वस्तादांच्या जागी हे? संघाचा नायक होता सुभान. तो तर उघडच म्हणाला, "आता आपण खेळायचं का गोण्या उचलायच्या?"

पहिला सामना ते हरले. दुसराही हरले. तिसऱ्यानंतर गावातली माणसं काठावर बसायची बंद झाली.

गंमत अशी, की त्यांच्या खेळात काही उणं दिसत नव्हतं. सुभान पूर्वीसारखाच वाऱ्यासारखा जाई. नऊच्या नऊ पाट्या चुकवून पलीकडे पोचे. पण परत येताना पहिल्याच माणसाच्या हाती सापडे. सगळ्यांचं तसंच. लोण म्हणून मिळेना. आणि दर पराभवानंतर एकच वाक्य, "थोरले वस्ताद असते तर!"

नव्या वस्तादांनी ते वाक्य तीन सामने ऐकून घेतलं. चौथ्या सामन्याआधी त्यांनी सगळ्यांना नवव्या पाटीच्या पलीकडे नेऊन उभं केलं.

"आजपासून इथून सुरुवात. जायचं नाही, नुसतं यायचं."

"उलटा खेळ?" सुभान म्हणाला.

"मी मीठ वाहिलंय, पोरांनो. समुद्रापर्यंत रिकामे बैल कोणीही हाकतो. गोणी घेऊन घाट चढून घरी येणं, ते खरं काम. आपण लोण म्हणतो ना? लोण म्हणजे मीठच. ते समुद्रावर राहिलं तर कोणाच्या आमटीत पडणार?"

पोरं हसली. पाठीमागे त्यांनी वस्तादांचं नाव 'उलटे वस्ताद' ठेवलं. चौथा सामनाही गेला, पण त्यात दोन लोणं आली. पाचवा एका लोणाने गेला.

आता राहिला एकच सामना, डोंगरावरच्या पाठशाळेशी. आणि इथे त्या राज्याची एक रीत सांगायला हवी. जो संघ सहांपैकी एकही सामना जिंकणार नाही, त्याचं मैदान नांगरून टाकायचं आणि तिथे ज्वारी पेरायची. नांगराची पहिली रेघ त्या संघाच्या नायकाने स्वतः ओढायची. रीत फार कठोर होती, पण होती.

सुभानचं जेवण सुटलं. ज्या मातीत त्याने गुडघे फोडून घेतले, ती त्याला स्वतःच्या हाताने नांगरावी लागणार होती. सामन्याच्या आदल्या सकाळी तो वस्तादांपुढे जाऊन उभा राहिला.

"आमचं चुकतंय काय, ते तरी सांगा."

"सांगतो. राग मानू नकोस. तू नववी पाटी ओलांडतोस आणि थांबतोस. एक श्वासभर. मान वर करतोस. तेवढ्यात मागचा गडी सावरून उभा राहतो. तुम्ही सगळेच थांबता. तिथे कोणाची वाट बघता रे?"

सुभानला स्वतःलाच हे ठाऊक नव्हतं. मग एकदम त्याच्या लक्षात आलं, आणि त्याचा चेहरा उतरला.

"हाकेची," तो म्हणाला. "मग तुम्ही द्या ना हाक! तिथे उभे राहा आणि ओरडा!"

"नाही देणार."

"आवाज नाही तुमच्यात, असं सांगा की सरळ!"

"घाटात बैल हाकलेत मी, सुभान. आवाज आहे. पण आज मी ओरडलो तर उद्या माझी वाट बघाल. मी गेलो की पुन्हा कोणाला शोधणार?"

सुभान पाय आपटत निघाला, तो थेट स्वयंपाकघरात. तिथे सगुणामावशी भाकऱ्या थापत होत्या. पाठशाळेत चाळीस वर्षं भाकऱ्या थापलेल्या, आचार्यांनाही दटावणाऱ्या बाई. सुभानने सगळा राग त्यांच्यापुढे ओतला.

"झालं तुझं?" मावशी म्हणाल्या. "आता माझं ऐक. तुमचे थोरले वस्ताद पहिल्या वर्षी हाक मारत नव्हते. एक पोर तिकडे पोचलं की घाबरून थिजायचं, रडायला लागायचं. त्याच्यासाठी ते तिकडे जाऊन उभे राहिले. मग सगळ्यांनाच सवय लागली. गेल्या उन्हाळ्यात इथेच बसून मला काय म्हणाले, माहीत आहे? म्हणाले, 'सगुणे, ही हाक मी बंद करायला हवी. पोरं माझ्या गळ्यावर खेळायला लागलीत. पण तेवढ्या क्षणाला सगळी माझ्याकडे बघतात गं. मला नाही सोडवत.'"

सुभान चुलीपाशी बसून राहिला. त्याला थोरले वस्ताद कधी नव्हे इतके आठवले, आणि तो पोटभर रडला. मावशींनी त्याला रडू दिलं. मग गरम भाकरी पुढे सरकवली आणि म्हणाल्या, "खा. उद्या धावायचंय."

दुसऱ्या दिवशी सगळं गाव आलं. मैदान जाणार म्हटल्यावर रुसवा कोण धरणार! काठाच्या झाडाखाली बैल जुंपून नांगऱ्या तयार बसला होता.

डोंगरवाल्यांनी आपल्या पाळीत दोन लोणं आणली. नदीकाठच्यांची पाळी आली, पाण्यात वाटी सोडली. वाटी अर्धी भरेपर्यंत दोन लोणं झाली आणि मग एकेक करत सुभान सोडून सगळे गडी बाद झाले. एक लोण हवं होतं, माणूस एकच उरला होता, आणि वाटीच्या काठाला पाणी टेकत होतं.

सुभान निघाला. पहिली, दुसरी, तिसरी. सहाव्या पाटीवर बोट सदऱ्याला लागता लागता राहिलं. नववी पाटी ओलांडून तो पलीकडे पडला, सावरला, आणि थांबला. मान वर झालीच. समोर मोकळी जागा होती. तिथे कोणी नव्हतं. गाव श्वास रोखून बघत होतं. नवे वस्ताद बाजूला हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी तोंड उघडलं नाही.

आणि हाक आली.

"वळ रे माझ्या राजा!"

तोच हेल, तोच गडगडाट. नदीपलीकडच्या माणसांनी म्हशी सोडून माना वळवल्या. सगुणामावशींनी तोंडाला पदर लावला. हाक सुभानच्याच तोंडातून आली होती. ती पुरी व्हायच्या आत तो वळला होता आणि नवव्या पाटीवरचा गडी अजून पाठमोराच होता.

मग तो आलाच. आठवी, सातवी, सहावी. एकाला डावीकडून, एकाला उजवीकडून, एकाच्या पार काखेखालून. पहिली पाटी ओलांडून त्याने "लोण!" म्हटलं आणि मग वाटी बुडाली. नांगऱ्याने आरोळी ठोकली आणि बैल सोडले. त्यालाही ज्वारीची काही घाई नव्हती.

गर्दी ओसरल्यावर सुभान वस्तादांपाशी आला. "वस्ताद, तुम्ही नको म्हणाला होता, तरी मी हाक मारली."

"कोणाला मारलीस?"

"मलाच."

"मग हरकत नाही," वस्ताद म्हणाले, आणि त्यांनी त्याच्या पाठीवरची माती झटकली.

त्या वर्षी नदीकाठचा संघ सातांत सहावा आला. त्याचा कोणी पोवाडा केला नाही. पण मैदान राहिलं. पुढे नव्या वस्तादांनी तिथे वीस वर्षं शिकवलं आणि तेही एक दिवस गेले. त्यानंतरच्या दसऱ्याला सामने नेहमीसारखे सुरू झाले. नवव्या पाटीपलीकडे एकही गडी थांबला नाही. प्रत्येक जण वळताना ओठांत काहीतरी पुटपुटे, एवढंच. गावातल्या म्हाताऱ्यांना मात्र ती मोठी हाक आठवे, आणि डोळे पुशीत ते पोरांच्या लोणांना टाळ्या वाजवत. मीही वाजवल्या असत्या.

बोध एवढाच: गेलेल्या माणसाची हाक बाहेर शोधत थांबू नये, ती आपल्या गळ्यात घ्यावी आणि पुढच्या कामाला वळावं.