घरात सगळ्यात हट्टी कोण?

“तुमच्या घरात सगळ्यात हट्टी कोण?” असे एक दातवैद्य प्रत्येकाला विचारायचा, आणि त्याला कधीच कोणी उत्तर दिले नाही.

ही फार जुनी गोष्ट आहे. दाढ दुखणारा माणूस तिवईवर बसला की वैद्याचा धाकटा भाऊ मागून त्याचे डोके धरी. मग वैद्य हा प्रश्न विचारी. कोणाला सासूचे नाव घ्यायचे असे, कोणाला नवऱ्याचे. बोलायला तोंड उघडले की चिमटा आत आणि दात बाहेर. रक्त थुंकता थुंकता उत्तर राहूनच जाई. युक्ती साऱ्या गावाला ठाऊक होती, पण उत्तरासाठी तोंड उघडल्यावाचून कोणाला राहवत नसे.

एकदा अंगात ताप असताना वैद्य पलीकडच्या गावी एका म्हातारीची दाढ काढायला निघाला. धाकटा नको नको म्हणत होता. वैद्याने ऐकले नाही. म्हातारीची दाढ निघाली. वैद्य मात्र परत आला तो खाटेवरून, आणि पुन्हा उठला नाही.

मागे राहिली वहिनी, लहान पोरे आणि दुकान. धाकट्याला डोके धरता येई, दात काढता येत नसे. म्हणून दुकान विकायचे ठरले.

घाटापलीकडून एक वैद्य ते पाहायला आला. त्याने तिवई हलवून बघितली. “हिचा पाय लंगडा. चिमटा गंजलेला. एक शेळी देईन.”

“शेळी?” धाकटा उसळला. “अहो, पंचक्रोशीतले एकूण एक तोंड इथे उघडलेय. दुभती म्हैस द्या, नाहीतर चालू लागा.”

“भावजी, जरा दमाने,” वहिनी दाराआडून म्हणाली. “शेळी तरी येऊ द्या.”

नवा वैद्य हुशार होता. “म्हैस आणून बांधतो. पण येत्या बाजारापर्यंत ती तोंडे माझ्यापुढे उघडली नाहीत, तर सोडून नेईन.”

म्हैस आली. पोरांना दूध मिळू लागले. दुकानात मात्र कोणी फिरकेना. पाटील गालाला फडके बांधून समोरून गेले.

“पाटील, दाढ दुखते का?” वैद्याने विचारले.

“छे, थंडी वाजतेय,” पाटील दातांवर दात दाबून म्हणाले. वैशाखाचे ऊन मी म्हणत होते.

बाजाराचा दिवस उजाडला. वैद्याने म्हशीच्या दाव्याला हात घातला. धाकटी पोर म्हशीच्या गळ्याला मिठी मारून बसली.

दादा गेल्यापासून धाकट्याची एक दाढ ठणकत होती. त्याने ती कोणाला दाखवली नव्हती. दाखवायची ज्याला, तोच नव्हता. त्याने तिवई उचलली, दारापुढच्या भर बाजारात मांडली आणि वर बसला.

“भावजी, तुमचे डोके कोण धरणार?” वहिनीने विचारले.

“तुम्ही धरा.”

मग त्याने नव्या वैद्याला जवळ बोलावले आणि दादाचा प्रश्न त्याच्या कानात सांगितला.

वैद्य समोर उभा राहिला. “तुमच्या घरात सगळ्यात हट्टी कोण?”

धाकट्यालाही राहवले नाही. “दादा” म्हणायला त्याने तोंड उघडले, आणि नाव पुरे होण्याआधी दाढ बाहेर आली.

धाकटा ढसाढसा रडला. दादाच्या तेराव्यालाही तो रडला नव्हता.

“इतकी दुखली का रे?” पाटलांनी घाबरून विचारले.

“दाढ?” धाकट्याने डोळे पुसले. “कळलीसुद्धा नाही.”

पाटलांनी गालाचे फडके सोडले. “मग सरक.”

त्यांच्यामागे रांग लागली. म्हैस वहिनीच्या दावणीलाच राहिली. धाकट्याने तिवई पुसली, पाटलांना बसवले, आणि मागे उभे राहून शेवटचे एक डोके धरले.

तात्पर्य: विश्वास दुकानाबरोबर विकला जात नाही, तो आधी स्वतः ठेवून दाखवावा लागतो.