मुका काठ

भोरणीच्या तळ्याला तीन बाजूंनी डोंगर आहेत आणि ते तिन्ही बोलतात. काळकड्याकडे तोंड करून हाक मारली की ती दोनदा परत येते. उगवतीच्या खिंडीत तीनदा. चौथ्या बाजूला, मावळतीच्या काठावर मात्र काहीच परत येत नाही. तिथे पाणजाईचं उघड्यावरचं ठाणं आहे आणि शेजारच्या जांभळीला कातडं नसलेल्या ढोलाचं एक खोड टांगलेलं आहे. त्या जांभळीखाली उभं राहून कितीही ओरडा, आवाज पाण्यावर जातो आणि संपतो. या काठाला मुका काठ म्हणतात.

हिवाळ्यात इथे पाय ठेवायला जागा नसते. भातं निघालेली असतात, तळं भरलेलं असतं, थंडी बोचरी असते आणि शहरांतून माणसं तंबू, शेगड्या, शेंगेसारख्या निमुळत्या रंगीत कायाक-होड्या घेऊन येतात. ‘शांतता राखा’ अशी पाटी कुणीतरी लावली आहे. लोक तिच्याच खांबाला टेकवून स्पीकर ठेवतात. पाट्या वाचून माणसं गप्प होत नाहीत. गप्प व्हायचं कारण कळावं लागतं, आणि ते कारण हैबती धिंदळे सांगतात. सत्तरी ओलांडलेला हा माणूस जन्मभर या तळ्यावर तराफा चालवत आला. सगळे त्यांना मामा म्हणतात. धुकं उठल्याशिवाय ते कुणालाही पाण्यात उतरू देत नाहीत.

गेल्या पौषात नाशिकहून आलेली सात-आठ मुलंमुली सकाळी कायाक उचलून काठावर आली. समोर वीतभर पाणी दिसत होतं, पुढे सगळं पांढरं.

“मामा, आमच्याकडे लाइफ जॅकेट आहेत,” एक मुलगी म्हणाली.

“जाकीट हाय, दिसतंय. पर जायचं कुठं ते जाकिटाला ठावं हाय का?” मामा म्हणाले. “ठेवा त्या तुमच्या शेंगा बाजूला. आन् ते गाणं बंद करा. धुकं उठंस्तवर एक गोष्ट सांगतो.”

ती गोष्ट अशी.

फार पूर्वी, तळ्याला अजून घाट नव्हता आणि वाडीत जेमतेम वीस घरं होती, तेव्हाही हिवाळा हा खेळाचाच काळ होता. भात खळ्यावरून घरात आलं की पौषी पौर्णिमेच्या सकाळी तराफ्यांची शर्यत लागायची. सावरीचे ओंडके अंबाडीच्या दोरांनी तीन जागी बांधायचे, वर एक माणूस, हातात वल्हं. उगवतीच्या खिंडीपासून निघायचं आणि मावळतीच्या काठाला लागायचं. पहिला लागेल त्याच्या घराला पाणजाईपुढे नव्या तांदळाची पहिली पाटी ठेवण्याचा मान.

शर्यत धुक्यातच व्हायची, कारण कस त्यातच होता. वाट दाखवायला काठावर ढोल असे. एक टोला, मग बराच वेळ शांतता, मग पुन्हा एक टोला. याला हाकेचा ठेका म्हणत. मधली शांतता ढोलकऱ्याची असे, असं सांगतात. पाण्यावर कुणी चुकलं तर ते ओरडे, “ठेका दे!” आणि ढोलकरी ते त्या शांततेत ऐके. टोल्याइतकीच ती शांतता वाजवता आली पाहिजे, तोच खरा ढोलकरी.

असा खरा ढोलकरी होता गोमा. बारा वर्षं त्याने काठावर उभं राहून दुसऱ्यांच्या मुलांना घरी आणलं. दरवर्षी दुसऱ्याच्या दारी तोरण लागलं आणि गोम्याने त्यासाठी क्षणभर जीत वाजवून पुन्हा ठेका धरला. जीत म्हणजे जिंकल्याचा ठेका, सलग, मध्ये श्वास घ्यायलाही जागा नसलेला. लोक त्याला चिडवत, “गोमा, तुझा ढोल सगळ्यांना पोचवतो. तुझ्या घरालाच कसं ओळखत न्हाई?” तो हसायचा. पण माणूस हसतो म्हणून त्याला लागत नाही असं थोडंच असतं.

तेराव्या वर्षी त्याची दोन्ही मुलं शर्यतीत उतरणार होती. थोरला खंडू आणि त्याच्या पाठची सारजा. सारजा वल्हं मारण्यात भावापेक्षा सरस होती. आदल्या संध्याकाळी गोमा पाणजाईपुढे उभा राहिला आणि नवस बोलला, म्हणे, की माझ्या घराला मान मिळाला तर धुकं उठेपर्यंत जीत वाजवीन, हात थांबू देणार नाही.

इथे त्या मुलीने मामांना मध्येच थांबवलं. “असला नवस देवीला कशाला हवा असेल?”

“देवीनं कुठं मागितला?” मामा म्हणाले. “तोच बोलला. माणूस बोलतो आन् देवीच्या नावावर टाकतो.”

सकाळी नऊ तराफे निघाले. गोमा ठेका देत होता आणि मधल्या शांततेत कान लावत होता. तळ्याच्या मध्यावर सारजा सगळ्यांच्या पुढे होती. तेवढ्यात तिच्या लगेच मागून खंडूची हाक आली. त्याच्या तराफ्याचा एक दोर तुटला होता आणि ओंडके पसरू लागले होते. सारजा वळली. तिने आपल्या तराफ्याचा मधला दोर सोडला आणि भावाला दिला.

“आन् तू?” खंडूने विचारलं.

“माझं वजन किती? दोन बांधांवर सरळ येते, हळूहळू. ठेका हाय की. तू हो म्होरं. आपल्या बाला एकदा तरी मान मिळू दे.”

तिचं चुकलं नव्हतं. सरळ रेषेत, वल्हं न आपटता आलं तर दोन बांधांवरही तराफा काठाला लागतो. मामांनी स्वतः तसा आणला आहे. फक्त दिशा चुकायला नको.

खंडूने जीव खाऊन वल्हं मारलं आणि तो पहिला लागला. काठावर एकच गलका झाला. गोम्याने धुक्यातून बाहेर येणारा आपला मुलगा पाहिला, आणि बारा वर्षं दाबून ठेवलेली स्वतःच्या घरची जीत त्याच्या हातांतून फुटली. लोक नाचू लागले. बाकीचे सात तराफे खंडूच्या पाठोपाठच होते, तेही लागले. खंडू बापापाशी जाऊन सांगत होता, सारजाने दोर दिला, ती मागे आहे. गोम्याला त्याचे ओठ हलताना दिसले. पोरगा आनंदाने काहीतरी बोलतोय असं त्याला वाटलं, म्हणे. त्याने मान डोलावली.

तेव्हा मुका काठ मुका नव्हता. उलट सगळ्या तळ्यात इथला पडसाद मोठा होता. एकेक टोला असायचा तोवर मूळ कुठलं आणि पडसाद कुठला हे कळायचं. सलग जीत सुरू झाली तशी ती काळकड्यावरून परत आली, खिंडीतून परत आली, आणि धुक्यात बसलेल्या सारजाला चारही बाजूंनी आपला बाप वाजवतोय असं ऐकू आलं.

भागाई, गोम्याची बायको, हिने आठ तराफे पाहिले आणि गोम्याचा दंड धरला. “सारजा न्हाई आली. थांब जरा. ऐकू दे.”

“येतीया की. मासोळी हाय ती,” गोमा वाजवता वाजवताच ओरडला. “नवस हाय. मोडायला लावू नगं.”

खंडू तराफा घेऊन पुन्हा धुक्यात शिरला. त्याने हाका मारल्या. उत्तर आलं असेल तर ते त्याच्या कानापर्यंत पोचलं नाही, कारण तळ्यावर जीतशिवाय दुसरा आवाजच उरला नव्हता. तो परतला, धावत बापापाशी आला आणि त्याने आपले दोन्ही ओले तळवे ढोलाच्या कातड्यावर दाबून धरले.

सगळं थांबलं. पडसाद एकेक करून विझले. आणि त्या शांततेत, पार भलतीकडून, काळकड्याच्या पायथ्याकडून आवाज आला.

“बा, ठेका दे.”

गोम्याने काठी उचलली आणि मारली. कातडं खंडूच्या हातांनी आणि धुक्याने भिजलं होतं. ढोल वाजला नाही. नुसता थप असा आवाज आला, काठाच्या गवतापर्यंतही न पोचणारा. त्याने पुन्हा मारली. मग ढोल फेकून तो जांभळीकडे धावला आणि काठीने तिच्या खोडावर एक टोला दिला. थांबला. ऐकलं. दुसरा दिला. थांबला.

दुसरी हाक आली नाही.

त्या दिवशी धुकं फार उशिरा उठलं असं सांगतात. उठलं तेव्हा काळकड्याखाली सावरीचे ओंडके सुटे तरंगत होते. एकाला वल्हं अडकलं होतं. सारजा मिळाली नाही, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

सगळे काठावर उभे होते आणि ऊन पडलं होतं. भागाई रडली नाही. तिने फेकलेला ढोल उचलला, नवऱ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, “उठलं धुकं. आता वाजव.”

त्यानंतर ती जन्मभर त्याच्याशी बोलली नाही, असं काही जण सांगतात. मामा म्हणतात, बोलली असणार, घर होतं, खंडू होता, चूल होती. पण हे एक वाक्य गोम्याच्या कानातून कधी गेलं नसणार.

गोम्याने विळ्याने ढोलाचं कातडं कापलं आणि खोड जांभळीला टांगलं. तांदळाच्या पहिल्या पाटीचा मान त्या वर्षी कुणीच घेतला नाही. लोक सांगतात की त्याच रात्री पाणजाईने या काठाचा पडसाद काढून घेतला, पुन्हा कुणी लेकरू फसू नये म्हणून. दुसऱ्या दिवशी गोमा लेकीला हाक मारायला आला तेव्हा हाक परत आली नाही. त्याला वाटलं, ती कुणीतरी ऐकली आणि ठेवून घेतली. पुढे तो जगला तितके हिवाळे रोज पहाट फुटताना जांभळीखाली यायचा, टांगलेल्या खोडावर एक टोला द्यायचा, ऐकायचा, आणि धुकं उठलं की घरी जायचा. मरताना त्याने वाडीकडे एवढंच मागितलं, म्हणे: शेवटचा येईपर्यंत कुणी जिंकू नका.

“पडसाद एक दिवस आधी काढून घेतला असता तर?” ती नाशिकची मुलगी म्हणाली.

“एक दिस आधी तो पडसाद सगळ्यांना आवडायचा, पोरी,” मामा म्हणाले.

मुलांमधल्या एकाने नकळत वळून आपली माणसं मोजली.

आजही पौषी पौर्णिमेला भोरणीत तराफ्यांची शर्यत होते. बघायला गेलात तर पहिला कोण आला हे विचारू नका, उत्तर मिळणार नाही. जो पहिला पोचतो तो काठापासून एका बांबूच्या अंतरावर वल्हं आडवं धरून थांबतो. दुसरा त्याच्या शेजारी येऊन थांबतो, मग तिसरा. दातावर दात वाजत असतात, पाय बर्फासारखे झालेले असतात, पण काठावरचं गवत कुणी शिवत नाही. जांभळीखाली एक म्हातारा टांगलेल्या खोडावर टोला देतो, थांबतो, पुन्हा देतो. आता तो टोला हैबतीमामा देतात. टाळी नाही, शिट्टी नाही. शेवटचा तराफा धुक्यातून बाहेर आला तरी कुणी हलत नाही. सगळे आले हे सगळ्यांना दिसत असतं, तरी मामा काठी उचलतात आणि आणखी एक टोला देतात.

त्या टोल्यानंतरची शांतता फार लांब असते. तराफ्यांवरची पोरं, काठावरच्या बाया, तंबूंतून उठून आलेले पाहुणे, सगळे काळकड्याकडे तोंड करून ऐकत उभे राहतात.

मग मामा काठी खाली ठेवतात, आणि सगळे तराफे एकदम काठाला लागतात.