देमाईराणीचं ताट

राजांच्या लढाया तोंडपाठ करणाऱ्यांनो, एका राणीचं ताट तुम्ही सोयीस्कर विसरलात! कातळवेढ्याचा बुरूज अर्धाच का, असं विचारलं की म्हणता, दगड संपला असेल. दगड संपला नव्हता. ऐका.

फार फार मागे इथे देमाईराणीचं राज्य होतं. नवरा लढाईत गेला, तेव्हा मूल अजून पाळण्यात होतं. पण तिने राज्य असं सांभाळलं की वाघसुद्धा वाट विचारून जाई, असं म्हणतात. तिचं माहेर मोठ्या सरदारांचं. धाकटा भाऊ मालुगीदेव तिचा सेनापती. लहानपणी तो आंब्याच्या झाडावरून पडला, तेव्हा तिनेच त्याला पाठुंगळी मारून घरी आणलं होतं.

एका वर्षी मालुगीला स्वतःची गढी बांधायची हुक्की आली. त्याने गावातले सगळे बाप्ये वेठीला धरले. रानातली ओल सुकत चालली आणि पेरायला हात उरले नाहीत. सावाई तेलीण राणीपुढे येऊन म्हणाली, "आईसाहेब, नवरा दगड वाहतोय. आता पेरलं नाही, तर होळीनंतर पोरांना काय घालू?"

राणी भरल्या ताटावरून उठली. हुकूम सोडावा, तर फौज भावाच्या हाती. लढाई लागली, तर दोन्हीकडून मरणार याच गावची माणसं. आणि माहेर तुटणार ते कायमचं.

भाऊबीज आली. मालुगी पाटावर बसला. बहीण ताट खाली ठेवेपर्यंत भावाने उठायचं नाही, ही त्यांच्या घराण्याची रीत. राणीने ओवाळलं. त्याने सोन्याचं कडं टाकलं. ती ओवाळतच राहिली. त्याने आवडता घोडा कबूल केला. ताट फिरतच राहिलं.

"अक्का, हात दुखतील."

"दुखू देत. तुझे गुडघे काय म्हणतात?"

"हवं तरी काय तुला?"

"माझ्या ताटात माणसं घाल, मालू. वेठीची सगळी."

"आणि माझा बुरूज अर्धा ठेवू?"

"ठेव की. वारा येईल."

मालुगी भलता हट्टी. दिवा विझला की सुटलो, म्हणून बसून राहिला. सावाई दिव्यात तेल घालत राहिली. मडकं चिमुकलं, पण त्याचा तळ काही दिसेना. सूर्यसुद्धा डोंगरावर टेकून बसला, मावळायचं नाव घेईना, असं म्हणतात.

शेवटी राणीचा हात थरथरू लागला. ताट कलंडणार, तोच मालुगीने ते खालून धरलं.

"ठेव अक्का, ठेव. घेऊन जा तुझी माणसं."

तेव्हा कुठे सूर्य मावळला. माणसं रानात परतली, आणि त्या साली ज्वारी हत्तीच्या पाठीला टेकली, असं म्हणतात. दरवर्षी मालुगी भाऊबीजेला येत राहिला. फक्त बसण्याआधी मडक्यात डोकावून बघायचा.

आजही कातळवेढ्यात भाऊबीजेला कोणी कोणाला कामाला बोलावत नाही. आणि ज्याने गावाचं काही अडवून धरलंय, त्याला अर्ध्या बुरुजाखाली पाटावर बसवतात. गावच्या बायका पाळीपाळीने ओवाळतात. गेल्या वर्षी, शेताकडची पाणंद नांगरून आपल्या रानात घेणारा एक बडा बागायतदार बसला होता. ऊन कललं तरी वाट सोडायला कबूल होईना. तेव्हा मडकं घेऊन उभी असलेली म्हातारी हसून म्हणाली, "बसा हो दादा निवांत. तेल पुष्कळ आहे."