चढती लय

"दमलंय काळीज, आन् तू सारखा मेंदूचं का सांगतुयास?" केरोबा गुरवांनी विचारलं.

समोर डॉक्टर सुधन्वा बसला होता. मिरजेतला हृदयरोगाचा नावाजलेला डॉक्टर. लहानपणी याच पडवीत, याच केरोबाबुवांपुढं तो चार वर्षं पखवाज शिकला होता.

पखवाजाच्या डाव्या तोंडाला लावायची कणीक तेव्हा बुवा पोरांनाच भिजवायला लावत. ते दिवस किती सुखाचे होते, हे कळायला सुधन्वाला पन्नाशी गाठावी लागली. पडवीत पाऊल टाकताच त्याला उगीच भरून आलं होतं.

त्यानं समजावून सांगितलं. हृदय कमी पडतंय हे मेंदूला कळतं. तो घाबरतो, आणखी पळ म्हणून हुकूम सोडतो. दमलेलं हृदय पळून पळून जास्तच खचतं. ही गोळी ते हुकूम हृदयाला लागू देत नाही.

"मग ती घिऊन पाय का सुजलं? धाप का लागतीया?"

सुधन्वाची मान खाली गेली. ही गोळी अर्धीपासून सुरू करून पंधरा-पंधरा दिवसांनी वाढवायची असते, हे तो विद्यार्थ्यांना घसा कोरडा होईस्तोवर शिकवायचा. पण इथं रोगी म्हणजे बुवा. लवकर बरे व्हावेत म्हणून पठ्ठ्यानं आठवडाभरात चौपट केली होती.

"चूक माझी, बुवा. भीती वाटली मला... तुम्ही जाल म्हणून."

बुवा त्याच्याकडं बघत राहिले...

त्या नजरेनं सुधन्वा आणखीच बिथरला. लगेच गाडी काढतो, मिरजेत भरती करतो, सूज उतरायला लघवीची गोळी वाढवतो, ही पुन्हा अर्धीवर आणतो, एकामागून एक सांगत सुटला. बोटं गुडघ्यावर ठेका धरून होती. ठेका चढत चालला होता.

बुवांनी हात पुढं करून ती बोटं दाबून धरली. लय पळवणाऱ्या पोराची धरायचे, तशीच.

बराच वेळ त्यांनी ती सोडली नाहीत. सुधन्वाचे डोळे भरून आले.

"येतो मिरजेला," बुवा म्हणाले. "तू म्हणशील तसं."

मग त्यांनी पाकिटातून तीच गोळी काढली, मधोमध मोडली. एक तुकडा जिभेवर ठेवला, पाण्याचा घोट घेतला. दुसरा सुधन्वाच्या तळहातावर ठेवून त्याची मूठ मिटली.

"माझी झाली. ही तुझी."