जुन्या दारावरची फळी

खाडीकाठच्या एका गावात द्वारकाताई मेस्त्री हार्मोनियम दुरुस्त करायच्या. बारा वर्षांपासून त्यांची एक साधी वेबसाइट होती. पेटीच्या प्रत्येक दुखण्याला तिथे वेगळं पान: भाता फाटला तर काय, सूर अडकला तर काय, उंदराने चामडं कुरतडलं तर काय. गावोगावच्या भजनी मंडळांनी त्या पानांचे पत्ते आपापल्या वेबसाइटवर देऊन ठेवले होते. त्यामुळे पेटीबद्दल कुणीही काही शोधलं, की आधी ताईच दिसायच्या.

त्यांचे जावई निरंजनराव शहरात वेबसाइट बनवण्याचं काम करायचे. त्यांनी हौसेने सासूबाईंना नवी करून दिली. नवं नाव, नवा पत्ता, झकास फोटो. जुनी पानं बंद करून टाकली.

"जुन्या पत्त्यावर येणाऱ्यांना वाट कोण दाखवणार?" ताईंनी विचारलं. "दुकान बाजारातून इथे हलवलं, तेव्हा मी जुन्या दारावर बाण काढलेली फळी ठोकली होती."

"त्याला रिडायरेक्ट म्हणतात, आई. गेला तो जमाना! सर्च इंजिन आता हुशार झालंय. आपलं आपण शोधून काढतं."

असली वाक्यं माणसं फार ठसक्यात बोलतात. खरी गोष्ट एवढीच होती, की एकशे चाळीस जुनी पानं एकेक करून नव्या पानांना जोडायचा निरंजनरावांना कंटाळा आला होता. ताईंना ते चेहऱ्यावर दिसलं. पण जावयाला उलट कसं बोलायचं? त्यांनी जावयांना आणखी एक घावन वाढलं.

श्रावण उजाडला. दरवर्षी गणपतीआधी ताईंच्या ओट्यावर पेट्यांची रांग लागायची. यंदा ओटा रिकामा. फोन वाजेना. आयुष्यभराचा हात असा नुसता बसून राहणार, या विचाराने ताईंना जेवण जाईना.

एके दुपारी पलीकडच्या गावचे भजनीबुवा बाबी घाडी खांद्यावर पेटी घेऊन आले आणि ताईंना बघून दारातच थबकले.

"बाई, तुम्ही आहात?"

"म्हणजे? कुठे जाऊ?"

"तुमचं पान उघडलं तर 'सापडत नाही' म्हणे. शोधलं तर नावही दिसेना. आम्ही समजलो, आटोपलं! मंडळ दोन मिनिटं उभं राहिलं तुमच्यासाठी. पेटी शहरात न्यायला निघालो होतो. म्हटलं, जाता जाता घरच्यांना भेटून जावं."

सासुरवाडीला आलेले निरंजनराव आत जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला.

ताई त्यांच्याकडे वळल्या. "निरंजनराव, तुम्ही जावई म्हणून मी तोंड मिटलं, ती माझी चूक. आता सांगते. हात धुवा आणि फळी ठोका."

"सगळी जुनी पानं नव्या मुख्य पानाकडे वळवतो, आई. पाच मिनिटांचं काम."

"भाता फाटलेल्याला नुसतं उंबऱ्यावर आणून सोडणार? त्याला भात्याच्या पानावरच न्या."

निरंजनराव दोन दिवस मान खाली घालून बसले आणि एकशे चाळीस पानं जोडून मगच उठले. पण सर्च इंजिनला नवा पत्ता उमगायला काही आठवडे लागले, आणि गणपतीचा हंगाम हुकला तो हुकलाच. दसऱ्यानंतर ते सासुरवाडीला आले असताना फोन खणखणला. तो त्यांनीच उचलला.

"हो, हो, आहेत," ते घाईघाईने म्हणाले. "ठणठणीत आहेत! चूक माझी होती."

तात्पर्य: शोधणारा कितीही हुशार असो, जागा बदलणाऱ्याने जुन्या दारावर नवा पत्ता लावूनच निघावं, आणि चूक दिसली, तर ती जावयालाही त्याच दिवशी सांगावी.